नवीन एअर पिस्तूल आलंय : हात कुठं घालावा, कुठं घालू नये?

अनगोळचा लेथवाला

मंडळी नमस्कार. पिस्तूल आलं एकदाचं. स्टायर इव्हो १०, उजव्या हाताचं, मीडियम ग्रिप. आजवर क्लबातल्या पिस्तुलावर मारत होतो. त्याची ग्रिप इतक्या हातांनी झिजलीय की ती कुणाचीच राहिलेली नाही.

आता मुद्दा. माझं उद्यमबागेत छोटं जॉबवर्क आहे. लेथ, मिलिंग, ग्राइंडर हाताशी, त्यामुळं हात शिवशिवूलालेत. डोक्यात असं आहे : करंगळीच्या बाजूला ग्रिपमध्ये पोकळी राहते, तिथं एम-सील भरायचं. ट्रिगर जड वाटतो, उघडून आतल्या सिअरला (ट्रिगर दाबेपर्यंत पिस्तूल अडवून धरणारा तुकडा) पॉलिश मारून साडेतीनशे ग्रॅमच्या दाबावर आणायचा. नळीच्या टोकाकडं पितळेचं साठ-सत्तर ग्रॅम वजन लावायचं, म्हणजे हलणं कमी होईल. आणि आमच्या शेडमध्ये उजेडाची बोंब आहे, माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खुंटी) नीट दिसत नाही, म्हणून हिरव्या फायबरची माशी बसवायची. पुढच्या मोसमात स्टेटला, म्हणजे राज्य स्पर्धेला, उतरायचा विचार आहे. यातलं आधी काय करू?

निपाणीकर

आधी स्क्रूड्रायव्हर खाली ठेव मर्दा.

दहा पूर्णांक नऊ

चारातल्या दोन गोष्टी केल्यात तर स्टेटला उतरणं राहू द्या, इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे हत्यार तपासणीच्या, टेबलावरूनच परत याल. १० मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर कमीत कमी ५०० ग्रॅमचा लागतो. आणि फायबर ऑप्टिक, चमकणारी, रंगीत किंवा बॅटरीवरची साइट आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या) नियमात बसत नाही. साधी उघडी साइट, बस्स. दुर्बीण, आरसा, लेझर यांचं तर नावच नको. नंबरची भिंग डोळ्यावर लावा, पिस्तुलावर लावता येत नाही.

वजनाला वाव आहे. सगळं मिळून १५०० ग्रॅमच्या आत हवं, आणि पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. लांबी-उंचीची सहसा अडचण येत नाही. ती ५० मिलिमीटरची जाडी मात्र ग्रिप भरताना आडवी येते. लोक तळव्याच्या बाजूला लेप चढवत जातात आणि पेटीत घालायच्या वेळी पिस्तूल अडतं.

अनगोळचा लेथवाला

बरं. पण सराव ३५० वर करायचा आणि स्पर्धेआधी ५०० वर न्यायचा, असं नाही का चालणार? क्लबात कोण वजन लावून बघूलालाय!

सुभेदार हिंडलगा

बाळ, बोटाला एकदा हलक्या चापाची सवय लागली की स्पर्धेत ५०० चा चाप त्याला दगडासारखा लागतो. मग ते सावकाश दाबत नाही, हिसका देतं. सराव ज्या वजनावर, स्पर्धा त्याच वजनावर. पलटणीत आम्ही रंगरुटांना हेच सांगत आलो.

दुसरं. चाप जड वाटतो तेव्हा बहुतेक वेळा चाप जड नसतो, हाताची पकड बरोबर नसते. रिकामं पिस्तूल घे, ड्राय फायरवर (गोळी न उडवता चाप दाबायच्या सोयीवर) टाक, नळीवर एक नाणं ठेव आणि चाप दाब. नाणं पडलं तर पॉलिश सिअरला नको, बोटाला हवी.

खानापूरची अक्का

सुभेदारकाकांशी पूर्ण सहमत. थोडं लांब लिहिते, कारण आमच्या इकडच्या पोरांचे सगळ्यात जास्त गुण इथंच जातात.

दादा, सिअर उघडू नका. तुम्ही मशीनवाले आहात, तुम्हाला वेगळं सांगायला नको : त्या कडेला दिलेली कठीण केलेली कातडी पातळ असते. ती घासली की चार दिवस ट्रिगर लोण्यासारखा लागतो, मग खालचा मऊ धातू झिजायला लागतो आणि एक दिवस पिस्तूल बोट न लावता सुटतं. वॉरंटी जाते ते वेगळंच. जे काय करायचं ते बाहेरच्या स्क्रूंनी होतं, कंपनीनं ते त्यासाठीच दिलेत. पहिल्या टप्प्याचं वजन, दुसऱ्या टप्प्याचं वजन, ट्रिगर सुटल्यावर मागं किती जातो ते, आणि ट्रिगरची पट्टी पुढंमागं सरकवणं. एकूण वजन ५०० च्या खाली जायला नको एवढंच. बऱ्याच जणांना पहिल्या टप्प्यावर साडेतीनशेच्या आसपास आणि उरलेलं दुसऱ्यावर, असं आवडतं. बोट आधीच बहुतेक भार घेऊन बसलेलं असतं, शेवटी थोडंसंच उरतं. तुम्हाला जो ‘जड’ वाटतोय तो बहुधा दुसऱ्या टप्प्यावर जास्त वजन असल्यामुळं.

आणि बरोबर ५०० वर ठेवू नका. ५१०-५२० वर ठेवा. तपासणीत नळी उभी धरून, ट्रिगरच्या साधारण मध्यावर वजन अडकवून ते टेबलावरून उचलतात. तीन वेळा संधी मिळते. पण सामना झाल्यावरही चिठ्ठी काढून तपासतात, आणि तिथं वजन उचललं गेलं नाही तर थेट बाद. दिवसभराचं मारलेलं पाण्यात.

ग्रिपवर उद्या लिहिते, तो मोठा विषय आहे.

निपाणीकर

त्यापेक्षा इलेक्ट्रॉनिक ट्रिगरवालं घ्यायचं होतंस. कुरकुर नाही, झीज नाही.

दहा पूर्णांक नऊ

टोकियो ऑलिंपिक विसरलात? २५ जुलै २०२१, मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीच्या मध्येच बिघडलं. दुरुस्तीत वेळ गेला, घड्याळ थांबलं नाही. तरी ५७५ मारले आणि बारावी आली, ५७७ ला फायनल होती. इलेक्ट्रॉनिक वाईट असं म्हणत नाही, जगातले कितीतरी अव्वल नेमबाज तेच वापरतात. पॅरिसला तिनंच २२१.७ मारून कांस्य घेतलं. सांगायचा मुद्दा एवढाच की जे हत्यार आहे ते आतून बाहेरून ओळखीचं हवं आणि त्याच्या नाजूक भागाशी खेळ नको.

अनगोळचा लेथवाला

कळलं. सिअर रद्द. पण मग माझ्या लेथनं काय नुसतं बघत बसायचं?

दहा पूर्णांक नऊ

त्याला काम आहे की. ट्रिगर तपासायचं ५०० ग्रॅमचं वजन करा. ४० मिलिमीटरच्या एमएस राउंडला (साध्या पोलादाच्या गोल सळईला) साधारण ५१ मिलिमीटर लांबी येते, त्यातनं हुकाचं वजन वजा करा. शेवटचा हात मारायच्या आधी एखाद्या सोनाराच्या काट्यावर तोलून घ्या. क्लबाला एक द्या. प्रत्येकानं सरावाआधी वजन लावायची सवय लावली तर निम्मे वाद मिटतील.

निपाणीकर

माझं एक धर. पैसे देतो.

खानापूरची अक्का

आता ग्रिप. दादा, तुमच्या यादीत खरं काम हे एकच आहे, आणि ते यादीत पहिलं होतं हे बरं झालं.

भरायच्या आधी काय चुकतंय ते शोधा. भिंतीवर पांढरा कागद लावा, टार्गेट नको. नेहमीसारखं उभं राहा, पिस्तूल धरा, डोळे मिटा, हात वर घ्या, श्वास अर्धा सोडा, मग डोळे उघडा. आता दोन वेगवेगळ्या गोष्टी बघायच्या असतात आणि लोक त्या एकत्र करतात. माशी मागच्या साइटच्या खाचेच्या बरोबर मध्ये आहे, पण सगळं पिस्तूलच डावीकडं बघतंय, तर तो पायांचा दोष. पाय सरकवा, ग्रिपला हात लावू नका. पण माशी खाचेतच एका बाजूला सरकलीय किंवा वर आलीय, तर तो ग्रिपचा दोष, आणि तो पायानं कधीच सुटत नाही. पुन:पुन्हा करून बघा. रोज एकाच बाजूला जात असेल तरच ग्रिपला हात लावा. तुमच्या पिस्तुलावर ग्रिपचा कोन बदलायची सोय आहे, आधी तेवढ्यानं भागतंय का बघा. पुट्टी नंतर.

याला इतकं महत्त्व का, तर हिशोब करा. माशी आणि खाच यांच्यात साधारण ३३ सेंटिमीटर अंतर धरा. खाचेत माशी १ मिलिमीटर सरकली तर १० मीटरवर गोळी ३० मिलिमीटर सरकते. आपल्या टार्गेटवर एका रिंगपासून दुसरी ८ मिलिमीटरवर. म्हणजे जवळजवळ चार रिंग गेल्या! उलट अख्खा हात सरळ रेषेत ५ मिलिमीटर डोलला तर गोळीही ५ मिलिमीटरच सरकते, ती बहुतेक दहात नाहीतर नवात जाते. म्हणून हात हलतो याची काळजी सोडा. हलत्या हातात माशी खाचेच्या मध्ये राहिली पाहिजे, आणि ते काम ग्रिपचं.

आता भरणं. हात जितका वर जाईल तितका जाऊ द्या, अंगठा आणि तर्जनीमधली खोबण ग्रिपच्या मानेत घट्ट बसली पाहिजे. दाब मधल्या दोन बोटांचा, सरळ मागं. करंगळी नुसती टेकलेली. अंगठा आराम करतो. तर्जनी ग्रिपला कुठंही लागता कामा नये, बाजूनं उजेड दिसला पाहिजे, नाहीतर चाप दाबताना ती अख्खं पिस्तूल ढकलते. तळहाताखालचा आधार हाताला टेकेल इतकाच वर घ्या. तो आवळला की बोटांचं रक्त थांबतं आणि विसाव्या गोळीनंतर हात थरथरायला लागतो.

तुमच्याकडं बेअरिंग स्क्रेप करताना लावता तो निळा रंग असेलच ना? तळहाताला अगदी पातळ लावा, पिस्तूल धरा, सोडा. जिथं निळं उठलं तिथं लाकूड टेकतंय. उंच जागा आधी पॉलिश पेपरनं उतरवा, पोकळी मग भरा. बहुतेक लोक आधी भरतात आणि ग्रिप वांग्यासारखी फुगवून ठेवतात.

शहापूरचा सुतार

अक्कांनी बरोबर सांगितलं. लाकडाचं मी सांगतो. एम-सील धरतं, पण वाळल्यावर दगड होतं. शेजारचं अक्रोडाचं लाकूड मऊ, त्यामुळं पॉलिश पेपर मारला की लाकूड उतरतं आणि एम-सील तसंच उंच राहतं. दोन भागांची लाकडाची पुट्टी मिळते ती घ्या, कानशीला सोसते. भरायच्या आधी त्या जागेची लाखेची चकाकी पूर्ण काढा, नाहीतर पुट्टी पापडी होऊन निघते. ग्रिप पिस्तुलावरनं काढून घ्या, पुट्टीचा एक कणही ट्रिगरकडं जायला नको. हाताला पातळ प्लास्टिक गुंडाळून दाबा. ओली पुट्टी उघड्या कातडीला चांगली नाही, काहींना खाज उठते.

आणि हे काम पावसाळ्यात करू नका. आमच्याकडं जून-जुलैत दारंखिडक्या फुगतात, ग्रिप काय वेगळी आहे? दमट हवेत कोरलेली ग्रिप फेब्रुवारीत सैल लागते. हिवाळ्यात करा, वरून तेलाचा हात द्या.

निपाणीकर

सुतारकाका, सागवानाची अख्खी नवी ग्रिप कोरून दिली तर? खानापूरच्या जंगलाजवळ राहून अक्रोड कशाला?

शहापूरचा सुतार

सागवान तेलकट आणि धागा मोठा, पातळ कडेला कपचा उडतो. शिसव कडक, पण जड. अक्रोड उगीच वापरत नाहीत. शिवाय पिस्तुलाच्या फ्रेमवर बसायची आतली खाच तिरकी आणि बारीक असते, तिथं अर्धा मिलिमीटर चुकला तर ग्रिप डुगडुगते. आधीची ग्रिप भरून घासणं शंभर पटीनं सोपं.

चिकोडीचा बाप

मध्येच विचारतो, रागावू नका. मुलगी तेरा वर्षांची आहे, शाळेतून खेळायला लागलीय. दोन प्रश्न. याला लायसन्स लागतं का? आणि पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर कुठं भरायचा? चिकोडीत सोय नाही. आमच्या ओळखीचा वेल्डिंगवाला म्हणतो माझ्याकडनं भरून ने.

दहा पूर्णांक नऊ

वेल्डिंगवाल्याला लांबूनच नमस्कार करा! त्याच्याकडं ऑक्सिजन असतो. जास्त दाबाच्या ऑक्सिजनला सिलिंडरच्या आतलं थोडं जरी तेल किंवा ग्रीस भेटलं तरी स्फोट होतो. उद्यमबागेत अशी नळकांडी दर दोन शेडांमागं उभी आहेत, म्हणून ठळक लिहितोय : फक्त कोरडी, श्वासाला चालणारी दाबाची हवा. डायव्हिंगच्या मोठ्या टाकीतून भरा किंवा हातपंपानं. हातपंपाला ओलावा धरणारा फिल्टर हवाच, आपल्या पावसाळी हवेत पंप हवेबरोबर पाणीही आत ढकलतो. २०० बारच्या वर नाही, आणि सावकाश. सिलिंडरवरची तारीखही बघा, दहा वर्षांहून जुना सिलिंडर स्पर्धेत चालत नाही.

लायसन्स : ४.५ मिलिमीटरचं आणि २० जूलच्या आतलं एअर वेपन लायसन्समधून मोकळं आहे. मॅच पिस्तुलाची गोळी अर्ध्या ग्रॅमची आणि वेग सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास, म्हणजे सहा जूलही होत नाहीत. तरी घरी कुलपात ठेवा, नळीत सेफ्टी फ्लॅग ठेवा, आणि प्रवासात क्लबाचं पत्र जवळ असू द्या. कोगनोळीच्या नाक्यावर पोलिसानं बॅग उघडायला सांगितली तर जूलचा हिशोब समजावत बसायची पाळी नको.

खानापूरची अक्का

मुलीसाठी एक : तिला छोट्या नळीचं, हलकं पिस्तूल द्या आणि स्मॉल ग्रिप. मोठ्यांची ग्रिप पुट्टीनं लहान होत नाही. आणि वाढत्या हाताला महागडी कोरीव ग्रिप करू नका, वर्षात बदलते.

सुभेदार हिंडलगा

पोरीला सराव कुठं देणार? जमलं तर कोल्हापूरला नेऊन एखादा सामना दाखवा. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत तिथल्याच, आणि पॅरिसचं कांस्य घेणारा स्वप्निल कुसाळे राधानगरीकडचा. बेळगावपासून कोल्हापूर शंभर-सव्वाशे किलोमीटर, बेंगळूर पाचशे. पण खेळायचं कर्नाटकाकडून, त्यामुळं स्टेटचा अर्ज तिकडंच. दोन्हीकडं ओळखी ठेवलेल्या बऱ्या.

दहा पूर्णांक नऊ

स्टेटनंतर मावळंकर स्पर्धा असतेच. जाता जाता : ते मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली तिचेही पहिले अध्यक्ष तेच. आमच्या क्लबात निम्म्यांना वाटतं की ते कुणी नेमबाज असावेत.

अनगोळचा लेथवाला

चर्चा भलतीकडं गेली तरी चालेल, पण माझ्या माशीचं आणि पितळेच्या वजनाचं राहिलं की!

खानापूरची अक्का

माशीचं सोपं आहे. उजेड पिस्तुलावर नको, टार्गेटवर हवा. स्पर्धेत टार्गेटवर किमान १५०० लक्स असतो, तुमच्या शेडमध्ये त्याच्या निम्मा तरी आहे का? टार्गेटच्या वर आडोशानं एलईडीची पट्टी लावा, बल्ब डोळ्यांना दिसता कामा नये. मग मागची खाच थोडी रुंद करा. माशीच्या दोन्ही बाजूंना उजेडाची फट स्पष्ट दिसली पाहिजे. अंधुक उजेडात अरुंद खाच म्हणजे सगळं एक काळं ठिपकं. आणि नजर माशीवर, टार्गेट धूसर राहू द्या. ५९.५ मिलिमीटरचं काळं वर्तुळ धूसर दिसलं तरी त्याच्याखालचा पांढरा पट्टा कळतो, तेवढं पुरतं. डावा डोळा मिटू नका, समोर ३० मिलिमीटरपर्यंत रुंदीची पट्टी चालते.

पितळेचं वजन आत्ता नको. पुढं टोकाला वजन लावलं की डोलणं संथ होतं, हे खरं. पण ते सगळं खांद्यावर येतं. ७५ मिनिटांत ६० गोळ्या, त्याआधीचे सायटर (गुण न धरलेल्या सरावाच्या गोळ्या) वेगळे. चाळिसाव्या गोळीला खांदा काय म्हणतो ते बघून मग ठरवा. आधी ग्रिप पक्की करा, तिच्यावर महिना-दीड महिना मारा, वहीत लिहा, मग ट्रिगरची पट्टी, मग खाच, मग सगळ्यात शेवटी वजन. दोन बदल एकाच आठवड्यात केले तर गुण कशानं वाढले आणि कशानं पडले हे देवालाही कळणार नाही.

निपाणीकर

आणि पेलेट, म्हणजे गोळ्या? मी तर म्हणतो पाच प्रकारचे डबे आणून लाव मशीन व्हाइसला आणि बघ कुठल्याचा गोळा (सगळ्या भोकांचा पुंजका) बारीक पडतो.

दहा पूर्णांक नऊ

चांगली कल्पना, पण व्हाइसमध्ये नळी आवळू नका, आणि सिलिंडर तर मुळीच नाही. ग्रिप काढून फ्रेमसाठी लाकडी गुटके करा. सपाट डोक्याचेच पेलेट, ४.४९ आणि ४.५० अशा दोन्ही मापांचे. एकाच डब्यातले पाच-पाच मारून गोळा बघा. दहाची रिंग ११.५ मिलिमीटरची आहे. सगळे त्याच्या आत पडले की पेलेटचा विषय संपला, पुढं माणूस चुकतो.

अनगोळचा लेथवाला

मंडळी, काम सुरू केलं. निळा रंग लावून बघितला, अक्का म्हणाल्या तसं तळव्याच्या मध्ये एक उंचवटा निघाला, तो उतरवल्यावर करंगळीकडची पोकळी निम्मी आपोआप गेली. उरलेली पुट्टीनं भरलीय. खालचा आधारही पुट्टीनं वाढवून कड वर वळवली, हात मस्त अडकूलालाय. फोटो टाकलेत. ५०० ग्रॅमची वजनंही तयार आहेत, ज्यांनी सांगितली होती त्यांनी शेडवरनं घेऊन जावीत. क्लबाचं वेगळं ठेवलंय.

दहा पूर्णांक नऊ

दुसरा फोटो परत बघा. खालच्या आधाराची बाहेरची कड वर वळलीय, तो तपासणीत अडकणार. आधार आणि ग्रिप यांच्यातला कोन ९० अंशांपेक्षा कमी चालत नाही, आणि वर वळवलेली कड तर नाहीच. अंगठ्याकडंही तेच, अंगठा वर मोकळा उचलता आला पाहिजे. मनगट पूर्ण उघडं दिसलं पाहिजे, त्या हातात घड्याळ, कडंही नको.

अनगोळचा लेथवाला

म्हणजे ती कडच हाताला सगळ्यात छान लागते ती काढायची?

खानापूरची अक्का

छान लागते म्हणूनच नियमात बसत नाही, दादा. पुट्टी अजून पूर्ण कडक झाली नसेल तर आजच कानशीनं उतरवा, गुण्या लावून बघा आणि ९० पेक्षा थोडा जास्तच कोन ठेवा. आणि ते वजन खानापूरला एक पाठवा. हुकाला रबराची नळी चढवा, नाहीतर ट्रिगरच्या पट्टीवर ओरखडे उठतात.